फासळीच्या दुखण्यात रबराची गरम पाण्याची पिशवी कामी आली, पट्टा नाही: घरात आणलेल्या सगळ्या वस्तूंचा रिव्ह्यू

छातीच्या मधल्या हाडाला लागून बोट ठेवलं की कळ येते, शिंकलं की चमक निघते, कुशीवर झोपता येत नाही, असं दुखणं ज्यांच्या मागं लागलंय त्यांच्यासाठी हे लिहून राहिली आहे. माझं दुखणं कापूस वेचणीच्या सीझनमध्ये सुरू झालं अन् उन्हाळा लागला तरी पुरतं गेलं नव्हतं, तेवढ्या काळात मेडिकलमधून, बाजारातून, ऑनलाईन अशा बऱ्याच वस्तू घरात आल्या. त्यातली कोणती कामाची अन् कोणती पैसे घालवायची ते सांगते. साधी रबराची गरम पाण्याची पिशवी पाचपैकी साडेचार, विजेचा हीटिंग पॅड तीन (ते पण लाईन असली तर), दुखण्याचं जेल तीन, छातीला बांधायचा पट्टा शून्य, अन् फिजिओथेरपीवाल्या मॅडमनं शिकवलेले व्यायाम पाचपैकी पाच, त्याला तर काही विकत पण घ्यावं लागलं नाही.

पण पिशवी घ्यायच्या आधी ईसीजी काढा. हे मी अगदी हात जोडून सांगते कारण आमच्याकडे छातीत दुखलं की अर्धे लोक म्हणतात गॅस झाला अन् अर्धे म्हणतात उसण भरली, अन् दोन्हीवर घरीच इलाज चालू होतो. दुखणं छाती आवळल्यासारखं, दाबल्यासारखं असेल, डाव्या हातात नाहीतर जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल, दम लागत असेल, मळमळत असेल तर शेक-बिक काही नाही, सरळ १०८ ला फोन करायचा, ती गाडी फुकट आहे. आणि दाबल्यावर दुखतं म्हणजे हार्टचं नाहीच असं पण समजू नका, मला डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की दाबून दुखणं हा फासळीच्या दुखण्याचा एक पुरावा आहे, पण वय पस्तीसच्या वर असेल, बीपी-शुगर असेल, घरात कुणाला हार्टचा त्रास असेल तर ईसीजी काढूनच पुढं जायचं. माझा ईसीजी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात निघाला, नॉर्मल आला, एक्सरे पण नॉर्मल आला. त्याआधी एका ठिकाणी छातीला हात पण न लावता ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या खाऊन काही फरक पडला नाही, पडणार तरी कसा.

खरं निदान झालं सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टर मॅडमनं माझ्या छातीच्या हाडाच्या कडेकडेनं एकेक फासळी बोटानं दाबत नेली, वरून तिसऱ्या फासळीवर आल्या अन् मी ओरडलीच, तर म्हणाल्या, "हेच दुखतं न रोज? अगदी हेच?" मी म्हटलं हाव, हेच. म्हणाल्या मग झालं, कॉस्टोकॉन्ड्रायटिस आहे, म्हणजे फासळी जिथं छातीच्या हाडाला लागते तिथल्या कूर्चेची सूज. फासळ्या पाठीमागं मणक्याला जोडलेल्या असतात अन् पुढं छातीच्या हाडाला कूर्चेनं जोडलेल्या असतात, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वर जशी मऊ पण घट्ट वस्तू असते तशी. बारा जोड्यांपैकी वरच्या सात जोड्या अशा थेट हाडाला लागतात, अन् बहुतेक वेळा दुसरी ते पाचवी यातलीच एखाददोन सुजतात. कूर्चा एक्सरेमध्ये दिसत नाही, रक्ताची पण यासाठी काही वेगळी तपासणी नाही, म्हणून फोटो नॉर्मल येतो अन् लोक म्हणतात हिला काही झालंच नाही. बाहेरून गाठीसारखी सूज दिसत असेल तर त्याला टिट्झे सिंड्रोम म्हणतात, तो थोडा वेगळा, टिट्झे नावाच्या जर्मन सर्जननं १९२१ मध्ये लिहून ठेवलेला. माझ्यात सूज दिसत नव्हती.

कशानं झालं, तर एकच एक कारण सापडेल असं नसतं म्हणाल्या. पण मला वेचणीच्या आधी खोकला लागला होता, लांबलाच होता, अन् खोकून खोकून फासळ्यांवर ताण येतो. (दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते, माझी पण तपासली, टीबी निघाला नाही.) त्यावर वेचणी, म्हणजे दिवसभर वाकून दोन्ही हातांनी बोंडं ओढायची अन् फडक्यात भरत जायचं, फडक्याची गाठ मानेत, कापूस जसा भरतो तशी मान अन् खांदे पुढं ओढले जातात. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर. रात्री पायमशीनवर ब्लाऊज, शाळेचे ड्रेस, तेही वाकूनच. आणि मधात हापशी. मॅडमनं हे सगळं विचारून घेतलं, मला ते फार बरं वाटलं, नाहीतर कोण विचारते की तू दिवसभर काय करते म्हणून.

आता पिशवी. मी घेतली ती दोन लिटरची, लाल रबराची, एका बाजूनं रेघा असलेली अन् एका बाजूनं सपाट, वरती स्क्रूचं बूच. मेडिकलमध्ये दोन-अडीचशेला मिळाली. कमी पैशाची पण होती पण तिचं रबर हातात घेतलं तर पातळ लागत होतं अन् बुचाच्या आतलं वॉशर हलत होतं, ते बघूनच मी ठेवून दिली. घेताना हेच बघा, दुकानात लाजू नका, बूच काढा, आतमध्ये रबराचं वॉशर नीट बसलेलं आहे का ते बघा, पिशवी फुगवून कानाजवळ दाबून बघा हवा कुठून सुटते का. तोंडाजवळची जोडणी जाड असली पाहिजे, पिशवी फाटते ती नेहमी तिथूनच नाहीतर बाजूच्या शिवणीवरून. काही पिशव्यांवर फुलासारखं गोल चिन्ह असतं, त्याच्यात बनवल्याचं वर्ष असतं, ते दिसलं तर बघून घ्या, कारण रबर जुनं झालं की कडक होतं, न वापरता दुकानात पडून राहिलं तरी होतं. अन् आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या रबराचं काय होत असेल ते सांगायला नको.

भरायची पद्धत पण सांगते, कारण भाजल्याच्या गोष्टी यातूनच होतात. उकळतं पाणी टाकायचं नाही. चुलीवर असो का गॅसवर, पाणी सणसणलं अन् बुडबुडे वर यायला लागायच्या आधी उतरवायचं, नाहीतर उकळलेल्यात थोडं गार मिसळायचं. पिशवी फक्त दोन तृतीयांश भरायची, मग सपाट आडवी धरून पाणी तोंडापर्यंत आणायचं म्हणजे आतली हवा निघून जाते, अन् मग बूच लावायचं. हवा राहिली तर पिशवी फुगलेली राहते अन् छातीवर नीट बसत नाही, तिथल्या खड्ड्यात तर बसतच नाही. मग उलटी करून बुचातून थेंब येतो का बघायचं. अन् कापड गुंडाळल्याशिवाय अंगाला लावायची नाही, मी जुन्या टर्किश टॉवेलची खोळ शिवली, शिवणवालीला तेवढं तर जमतंच. पंधरा-वीस मिनिटं, बस. जास्त वेळ ठेवल्यानं जास्त आराम पडत नाही, उलट रोज रोज तासन्‌तास शेकलं तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात अन् ते लवकर जात नाहीत. शेजारच्या एका वहिनीच्या पोटावर मी पाहिले आहेत तसे डाग. शुगरमुळे ज्यांची कातडी बधिर झाली आहे त्यांनी तर फारच जपून, चटका कळतच नाही. अन् पिशवी घेऊन झोपी जाऊ नका.

आराम काय पडतो, तर शेकानं छातीचे अन् खांद्याचे आखडलेले स्नायू ढिले होतात, त्यामुळे श्वास घेताना ती टोचणी कमी होते. कूर्चेची सूज शेकानं बरी होते असं मी म्हणणार नाही, डॉक्टरनं पण तसं सांगितलं नाही. पण सकाळी उठल्यावर जे अंग आवळून आल्यासारखं व्हायचं, पहिला मोठा श्वास घ्यायची भीती वाटायची, त्यावर ही पिशवी फार चांगली आहे. मी सकाळी उठल्याबरोबर अन् रात्री व्यायामाच्या आधी अशी वापरते. थंडीच्या दिवसात तर ही नसती तर मशीनवर बसताच आलं नसतं.

साडेचारच दिले, अर्धा कापला, तो दोन कारणांनी. एक म्हणजे पाणी दर वेळी गरम करावं लागतं अन् घरातल्यांना ते दिसतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, आता परत पानी उकयाले ठेवलं? ओवा भाजून फडक्यात बांधला असता तं झालं नसतं का?" त्यांचं चुकीचं नाही. ओव्याची पुरचुंडी, तव्यावर गरम केलेलं मीठ, त्याचा शेक पण लागतोच, लहान जागेवर तर पिशवीपेक्षा नेमका लागतो. पण पुरचुंडी पाच मिनिटांत गार होते अन् परत तव्यावर ठेवली की किती गरम झाली ते कळत नाही, माझ्या छातीवर एकदा चांगला लाल वळ उठला. पिशवी अर्धा-पाऊण तास तरी ऊन राहते. दुसरं कारण वॉशर, ते लवकर खराब होतं अन् वेगळं कुठं मिळत नाही, आमच्या इकडं तर नाहीच मिळालं, सायकलच्या दुकानवाल्यानं ट्यूबमधून कापून दिलं.

उन्हाळ्यात शेकाची इच्छाच होत नाही, अन् जरूर पण नाही. सेवाग्रामला सांगितलं होतं की गरम आणि थंड यातलं ज्यानं बरं वाटतं ते करा, दोन्ही चालतं. मग एप्रिलपासून मी याच पिशवीत माठातलं पाणी अन् बर्फाचे तुकडे टाकून वापरली, तोंड रुंद आहे त्यामुळे तुकडे जातात. काम जास्त झालं अन् ठणका लागला तर मला थंडच बरं वाटतं. बर्फ पण कापडातूनच लावायचा, थेट नाही, अन् वेळ तीच, पंधरा-वीस मिनिटं.

विजेचा हीटिंग पॅड आमच्या यांनी ऑनलाईन मागवला. वस्तू वाईट नाही. मऊ कापड, कमी-जास्त करायचं बटण, ठरलेल्या वेळेनं आपोआप बंद होतो. पाणी गरम करायची कटकट नाही, अन् पाठीला लावायला तर पिशवीपेक्षा चांगला, कारण पिशवीवर पाठ टेकून बसता येत नाही, वजनानं फाटायची भीती. पण आमच्या गावात रात्री लाईन कधी जाईल त्याचा भरवसा नाही, अन् सकाळी मला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच नेमकी जाते. व्होल्टेज कमी असलं की नुसताच कोमट होतो. शहरात राहणाऱ्यांनी घ्यावा, खेड्यातल्यांनी पिशवी घ्यावी, असं माझं मत आहे. अन् यात्रेत, बाजारात ती एक पिशवी मिळते, आतमध्ये पाण्यासारखं जेल भरलेलं अन् प्लग लावून गरम करायची, ती मात्र मी घेतली नाही अन् घेऊ पण नका. पाण्यात वीज सोडून गरम करायची वस्तू, ती प्लगला लावून अंगावर ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, अन् कुणी कुणी तर लेकराच्या पोटावर ठेवतात. घरात असलीच तर गरम करून, प्लग काढूनच वापरा.

जेलबद्दल. डायक्लोफिनॅकचं जेल डॉक्टरनं लिहून दिलं होतं, तेच मी वापरलं. फासळी कातडीच्या अगदी खालीच असते, त्यामुळे जेलचा थोडा तरी असर होतो, मला झाला, पण दोन-तीन तास. चोळून चोळून जिरवायचं नाही, हलक्या हातानं पसरवायचं, कारण चोळलं की तीच जागा परत दुखावते. हात धुवायचे. अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेल लावून त्यावर गरम पिशवी ठेवायची नाही, कातडी भाजते, खास करून ज्या जेलमध्ये थंडावा देणारा मेन्थॉल नाहीतर झणझणणारी औषधं असतात ते. मी शेक सकाळी अन् जेल दुपारी असं वेगळं ठेवलं. गरोदर बायांनी हे जेल विचारल्याशिवाय लावू नये. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी पण विचारावं, या औषधांनी काहींचा दमा उठतो. तीन यासाठी दिले की ट्यूब लहान अन् महाग पडते.

गोळ्यांचं मी रेटिंग देत नाही, ते डॉक्टरचं काम आहे. फक्त एक सांगते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन या सगळ्या एकाच जातीच्या गोळ्या आहेत, अन् आमच्या इकडं लोक एक डॉक्टरची, एक मेडिकलवाल्याची अन् एक शेजारणीनं दिलेली अशा तीन मिळून खातात. पोटात जखम होऊ शकते, किडनीवर पण भार येतो, अन् आपण तर उन्हातान्हात वावरात राबतो, पाणी पुरेसं पीत नाही, त्यात तर आणखी धोका. उपाशीपोटी घेऊ नका, ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका, काळी शी झाली तर लगेच दवाखाना. मला थोड्या दिवसांचा कोर्स दिला होता, तो संपल्यावर गरज पडली तर पॅरासिटामॉल, बस. सुई पण देतात म्हणे अगदीच न थांबणाऱ्या दुखण्यात, स्टिरॉइडची, त्या जागेवरच, पण ती क्वचित, माझ्यावर ती पाळी आली नाही.

पट्टा. छातीला गुंडाळायचा इलॅस्टिकचा रुंद पट्टा, मेडिकलवाल्यानं स्वतःहून दाखवला, घट्ट बांधला की फासळी हलणार नाही अन् दुखणार नाही म्हणाला. बांधल्यावर पहिले बरं वाटतं, हे खरं. पण मग श्वास वरवरचाच होतो, पूर्ण छाती फुगतच नाही, अन् वरवरच्या श्वासानं कफ साचतो, फासळ्या आणखी आखडतात. फिजिओच्या मॅडमनं पाहिल्याबरोबर सोडायला लावला. शून्य मार्क, अन् हे मी रागानं लिहून राहिली नाही, ज्यांचा खोकला अजून चालू आहे त्यांना हा पट्टा खरंच नुकसान करू शकतो.

आता ज्याला मी पाच दिले. फिजिओथेरपीला तालुक्याला जावं लागायचं, एसटीनं, २०२३ पासून बायांना हाफ तिकीट झालंय म्हणून तेवढं परवडलं, नाहीतर रोजी बुडते ते वेगळंच. मला वाटलं होतं मशीन लावून देतील. मशीन लावलं नाहीच. मॅडमनं मला पाठमोरी बसवलं अन् मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं दाबत गेल्या, तर छातीच्या बरोबर मागं, खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला, एक जागा दगडासारखी कडक होती अन् दाबली की कळ पुढं छातीत आली. म्हणाल्या, "ताई, दुखते समोर पण अडकलंय मागं. मागचे सांधे हलतच नाहीत, म्हणून श्वासाचा सगळा भार पुढच्या कूर्चेवर येतो." सगळ्यांचं असंच असते का ते मला माहीत नाही, पण माझ्या बाबतीत त्यांनी जे सांगितलं त्यानंच फरक पडला.

व्यायाम साधे आहेत. चादर घट्ट गुंडाळून तिची वळकटी करायची, जमिनीवर आडवं होऊन ती पाठीखाली, फऱ्यांच्या उंचीवर आडवी ठेवायची, डोक्याखाली उशी, हात बाजूला पसरायचे अन् नुसतं पडून सावकाश श्वास घ्यायचा, दोन मिनिटं, मग वळकटी बोटभर वर-खाली. पहिल्यांदा नको नको वाटतं, छाती उघडल्यावर पुढं ताण येतो, तेव्हा वळकटी पातळ करायची, जोर करायचा नाही. दुसरा, पोट्ट्यांचा क्रिकेटचा टेनिस बॉल पाठ अन् भिंत यांच्यामध्ये धरून त्यावर हळूहळू टेकायचं, मणक्यावर नाही, मणक्याच्या बाजूला. तिसरा, दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही हात कोपरातून वाकवून चौकटीला टेकवायचे अन् एक पाऊल पुढं टाकायचं, छातीचे स्नायू ताणल्यासारखे झाले की थांबायचं, वीस-तीस सेकंद. कळ आली तर मागं यायचं. हे तिन्ही शेकानंतर केले तर सोपे जातात, म्हणूनच मी पिशवीला इतके मार्क दिले, एकटी पिशवी असती तर तीनच दिले असते.

आणि त्यांनी माझी कामं पाहिली. फोनवर मशीनचा फोटो दाखवला तर म्हणाल्या स्टूल वर घ्या, स्टूलखाली दोन फळ्या टाका, म्हणजे वाकावं लागणार नाही. आमच्या यांनी फळ्या ठोकून दिल्या. खांदे कानापासून खाली आले, पहिल्याच आठवड्यात जाणवलं. वेचणीत फडक्याची गाठ मानेतून काढून कमरेला घ्यायला लावली अन् अर्धं भरलं की पोत्यात रिकामं करायला सांगितलं. वेचणी किलोवर असते, सारख्या फेऱ्या मारल्या की वजन कमी पडतं, हे मी त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या मग पोतंच तुमच्या ओळीत सोबत सरकवत न्या. हे मला सुचलं नव्हतं. हापशी एका हातानं मारायची नाही, दोन्ही हातांनी, अन् भरलेली गुंडी कमरेवर घ्यायच्या ऐवजी दोघींनी धरून. झोपताना दुखऱ्या कुशीवर नाही, दुसऱ्या कुशीवर अन् छातीशी उशी कवटाळून, म्हणजे वरचा हात पुढं लोंबकळत नाही. खोकला-शिंक येईल असं वाटलं की तीच उशी छातीला दाबून धरायची. पूर्ण आराम करून पडून राहू नका म्हणाल्या, फक्त जे केल्यानं दुखतं तेवढं कमी करा, बाकी चालत-फिरत राहा.

किती दिवसांत जाईल हे कुणी छातीठोक सांगत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत जातं, काहींचं वर्षभर रेंगाळतं, गेलेलं परत पण येतं. माझं आता रोजचं राहिलं नाही, पण तुरीचे कट्टे उचलले नाहीतर लग्नाच्या सीझनची शिलाई रात्री उशिरापर्यंत केली की तिसरी फासळी बोलते. तेव्हा मी घाबरत नाही, वळकटी काढते. पण दुखण्याची तऱ्हा बदलली, ताप आला, ती जागा लाल होऊन गरम लागली, अंगावर एकाच बाजूनं पाण्याचे फोड उठले (नागीण अशीच आधी नुसती दुखते अन् मग फोड येतात), खोकल्यातून रक्त पडलं, वजन उतरायला लागलं, स्तनात गाठ लागली, तर फासळीचंच असेल म्हणून बसून राहू नका. बायांनो, हे खास तुमच्यासाठी लिहिलं, छाती उघडून दाखवायची लाज वाटते म्हणून आपण फार उशीर करतो. लेडी डॉक्टर पाहिजे म्हणून सांगितलं तर मिळते, मला मिळाली.

पिशवी सध्या माझ्याकडं नसतेच, सासूबाईंच्या गुडघ्यावर असते. ओव्याची पुरचुंडी त्यांनी अजून सोडली नाही पण रात्री मागतात पिशवीच, अन् खोळ पण त्यांनी स्वतःच्या मापाची वेगळी शिवून घेतली माझ्याकडून. त्यामुळे दुसरी घ्यायची आहे, दोन लिटरचीच, जाड रबराची, अन् सोबत जादाचं वॉशर देणारी. हिंगणघाट, वर्धा, नाहीतर पुलगावकडं कुठं मिळत असेल अन् कुणी वापरून पाहिली असेल तर खाली लिहा.